शस्त्रक्रिया झाली, आता सेटिंगचं काय?

कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सन्ससाठी, डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत इलेक्ट्रोड बसवून यंत्राने विजेचे स्पंद देणं) करायचं असं एकदा ठरलं, की घरातली चर्चा जवळजवळ सगळी शस्त्रक्रियेभोवती फिरते. सर्जन कोण, भूल देणार की पेशंटला जागं ठेवणार, खर्च किती, विमा मिळेल का, बॅटरी किती वर्षं चालेल. हे सगळं विचारायलाच हवं. पण पुढची कित्येक वर्षं कशी जाणार हे ज्यावर अवलंबून आहे, तो प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. ऑपरेशननंतर यंत्राचं सेटिंग कोण करणार आणि कशाच्या आधारावर करणार?

सेटिंगला डॉक्टर मंडळी प्रोग्रामिंग म्हणतात. गेली वीसेक वर्षं या कामात संगणकाची एक वेगळी मदत मिळू लागली आहे. पेशंटच्या स्वतःच्या मेंदूची प्रतिकृती संगणकात उभी करायची, इलेक्ट्रोडमधून सोडलेली वीज कुठवर पोचेल याचं गणित मांडायचं आणि त्यावरून सेटिंगची सुरुवात ठरवायची. ज्या घरात डीबीएस व्हायचं आहे किंवा होऊन गेलं आहे, त्या घराला या मदतीचा उपयोग कसा करून घेता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मुळात डीबीएस कोणासाठी, हे आधी थोडक्यात. कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर अजूनही छान फरक पडतो, पण तिचा असर लवकर ओसरतो, ‘ऑन’ (गोळीचा असर असताना) आणि ‘ऑफ’ (तो ओसरल्यावर) यांत दिवसाचे तुकडे पडतात किंवा अंग आपोआप वळवळायला लागतं, अशांसाठी ही शस्त्रक्रिया आहे. शस्त्रक्रियेआधी पेशंटला रात्रभर गोळ्यांविना ठेवून तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. हालचालींच्या गुणांकनात निदान तीस टक्के सुधारणा दिसावी अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. गोळीने जे सुधारतं तेच बहुधा डीबीएसने सुधारतं. कंप याला अपवाद आहे, तो गोळीला दाद देत नसला तरी डीबीएसला देऊ शकतो. तोल जाणं, बोलणं अस्पष्ट होणं, विसरभोळेपणा यांवर मात्र याचा भरवसा धरू नका. ऑपरेशननंतरच्या निराशेचं मूळ पुष्कळदा या चुकीच्या अपेक्षेत असतं आणि तिथे कितीही चांगलं सेटिंग हात टेकतं.

आता जागेकडे येऊ, कारण सगळी गंमत जागेत आहे. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे अलिम-लुई बेनाबीद यांच्या लक्षात आलं, की मेंदूतल्या थॅलॅमसला वेगाने, सेकंदाला शंभराच्या आसपास विजेचे स्पंद दिले की कंप थांबतो. त्याआधी तो भाग जाळून टाकत असत. पुढे अमेरिकेत मॅलन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी सबथॅलॅमिक न्यूक्लिअस या छोट्या केंद्राकडे बोट दाखवलं. कंपवातात हे केंद्र प्रमाणाबाहेर सक्रिय होतं. आज कंपवाताच्या डीबीएसमध्ये इलेक्ट्रोड सर्वाधिक वेळा इथेच बसवतात.

हे केंद्र सगळं मिळून साधारण दीडशे घन मिलिमीटरचं, त्याची सर्वांत लांब बाजू जेमतेम दहा-बारा मिलिमीटर. त्यातही हालचालींचं काम पाहणारा भाग फक्त मागचा, वरचा, बाहेरच्या बाजूचा. पुढचा आणि आतला भाग विचारांशी आणि भावनांशी जोडलेला. केंद्राच्या बाहेरच्या अंगाला इंटर्नल कॅप्सूल नावाचा तंतूंचा जाड पट्टा आहे. तिथे वीज पोचली की चेहरा किंवा हात आखडतो, शब्द जड होतात. मागच्या बाजूला संवेदना वाहून नेणारे तंतू आहेत, तिथे वीज गेली की हातापायाला मुंग्या येतात. आतल्या बाजूला डोळा हलवणाऱ्या नसेचे तंतू आहेत, तिथे गेली की एकाचे दोन दिसू लागतात. आणि केंद्राच्या भावनेच्या भागात घुसली, तर माणूस उगाच उतावळा, हसरा किंवा उदास होऊ शकतो. हे शेवटचं घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावं. कारण पेशंट स्वतः सांगत नाही, आणि ‘ऑपरेशननंतर स्वभावच बदलला’ असं म्हणून घरचे गप्प बसतात. तो स्वभाव नसेल, सेटिंग असेल.

एवढ्याशा जागेत जाणारा इलेक्ट्रोड साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. जुन्या नमुन्यात त्यावर चार कड्या असत, प्रत्येक कडी दीड मिलिमीटर उंचीची. कडी चालू केली की वीज चहूबाजूंनी पसरे. २०१५च्या सुमारास युरोपात आणि पाठोपाठ अमेरिकेत नवे इलेक्ट्रोड आले. त्यांत मधल्या दोन कड्या प्रत्येकी तीन पाकळ्यांत विभागलेल्या असतात, म्हणजे एकूण आठ संपर्कबिंदू. आता वीज एका बाजूला वळवता येते, इंटर्नल कॅप्सूलपासून दूर ठेवता येते. पण सोय वाढली तशी डोकेदुखीही वाढली. कोणता बिंदू, कोणत्या जोडीने, किती मिलिअँपिअर, स्पंदाची लांबी किती मायक्रोसेकंद, सेकंदाला किती स्पंद, हे सगळं धरलं तर पर्याय हजारोंच्या घरात जातात. व्यवहारात बहुतेक जण साठ मायक्रोसेकंद आणि १३० हर्ट्झपासून सुरुवात करतात आणि करंट हळूहळू वाढवत नेतात.

पारंपरिक पद्धतीत डॉक्टर एकेक बिंदू चालू करून थोडा थोडा करंट वाढवतात. मनगट हलवून ताठरपणा पाहतात, बोटं आपटायला सांगतात, ‘काही वेगळं वाटतंय का’ असं विचारतात. कुठल्या करंटला फायदा सुरू झाला आणि कुठल्या करंटला त्रास सुरू झाला, ते लिहून ठेवतात. दोन्ही बाजूंचा असा पूर्ण तपास करायला तास-दोन तास सहज लागतात आणि तेही पेशंट गोळ्यांविना, ताठरलेला, दमलेला असताना. शिवाय सगळी लक्षणं एका वेगाने उत्तर देत नाहीत. ताठरपणा आणि कंप लवकर, काही सेकंद-मिनिटांत बदलतात. मंदपणा तासाभराने बदलू शकतो. चालण्याचा खरा अंदाज यायला दिवस लागतात. म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत जे सर्वोत्तम दिसलं ते घरी सर्वोत्तम असेलच असं नाही. लातूरहून किंवा सिंधुदुर्गातून पुण्या-मुंबईला दर खेपेला येणाऱ्या कुटुंबाला हे किती महागात पडतं ते वेगळं सांगायला नको.

संगणक इथे काय करतो

पहिली पायरी चित्रांची. ऑपरेशनआधीचा एमआरआय आणि ऑपरेशननंतरचा सीटी एकमेकांवर अचूक बसवतात. एमआरआयमध्ये केंद्र दिसतं, सीटीमध्ये इलेक्ट्रोड दिसतो. दोन्ही जुळले की कोणता बिंदू केंद्राच्या कोणत्या भागात आहे ते कळतं. दिशादर्शक इलेक्ट्रोड असेल तर पाकळ्यांची तोंडं कुठे वळली आहेत तेही सीटीवरून काढता येतं. हे महत्त्वाचं आहे, कारण बसवताना इलेक्ट्रोड किंचित फिरतो आणि ज्या पाकळीचं तोंड पुढे असेल असं गृहीत धरलेलं असतं ते भलतीकडेच असू शकतं.

दुसरी पायरी विजेची. मेंदू काही सर्वत्र सारखा नाही. मेंदूतलं पाणी, म्हणजे सेरेब्रोस्पायनल द्रव, आजूबाजूच्या ऊतींच्या कितीतरी पट चांगली वीज वाहून नेतं. पांढऱ्या भागातले तंतू आपल्या लांबीच्या दिशेने वीज सहज जाऊ देतात, आडवी तितकी सहज जाऊ देत नाहीत. इलेक्ट्रोडभोवती काही आठवड्यांत व्रणासारखं एक आवरण तयार होतं, ते वीज अडवतं. पाटाचं पाणी जसं उतार आणि फट बघून वळतं, तशीच वीज इथे सोपी वाट धरते आणि म्हणून तिचा पसारा गोल चेंडूसारखा नसतो. संगणक त्या भागाचे लाखो सूक्ष्म तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याला त्याची वाहकता देतो आणि प्रत्येक ठिकाणचं विद्युतदाबाचं गणित सोडवतो.

तिसरी पायरी तंतूंची. विजेचं क्षेत्र पोचलं म्हणजे तंतू जागा झालाच असं नाही. तो किती जाड, कोणत्या दिशेने जाणारा, स्पंद किती लांबीचा, यावर ते ठरतं. मज्जातंतूत आवेग कसा उठतो याची समीकरणं अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ साली म्हाकुळाच्या तंतूवर काम करून मांडली आणि त्यासाठी त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं. त्या घराण्यातलीच समीकरणं आजही डीबीएसच्या प्रतिकृतीत वापरली जातात.  कॅमेरॉन मॅकइंटायर, वॉरेन ग्रिल, ख्रिस्तोफर बटसन यांच्यासारख्या संशोधकांनी २०००च्या दशकात हे तंतूंचं गणित आणि पेशंटची चित्रं एकत्र आणली. पडद्यावर इलेक्ट्रोडभोवती एक रंगीत आकार दिसतो. अमुक सेटिंगला मेंदूचा इतका भाग उत्तेजित होईल, असा त्याचा अर्थ.

याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधलं २०१०चं एक काम मला फार बोलकं वाटतं. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड असलेले दहा रुग्ण घेतले. एकीकडे त्यांचं नेहमीचं, अनुभवी माणसाने लावलेलं सेटिंग. दुसरीकडे संगणकावर ठरवलेलं असं सेटिंग, की वीज केंद्राच्या विचारांच्या भागात कमीत कमी जावी. हालचालींतली सुधारणा दोन्हींत जवळपास सारखी होती. पण हाताचं काम आणि स्मरणाचं काम एकाच वेळी करायला दिलं, तेव्हा नेहमीच्या सेटिंगवर ते ढासळत होतं आणि संगणकी सेटिंगवर बरंच सावरलं. शिवाय वीजही कमी लागली. रुग्ण थोडे आहेत, हे खरं. पण गोष्ट रोजच्या जगण्यातली आहे. चालता चालता फोनवर बोलणं, भाजी चिरता चिरता हिशोब करणं, हे घरात ज्याला जमेनासं झालं आहे त्याला ती समजेल.

पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटाने ३५ रुग्णांवर याहून काटेकोर चाचणी केली. इलेक्ट्रोडच्या जागेवरून संगणकाने आपोआप सुचवलेलं सेटिंग एकीकडे आणि तज्ज्ञांनी नेहमीच्या पद्धतीने ठरवलेलं दुसरीकडे. प्रत्येक रुग्णाला दोन्ही मिळाली. संगणकाचं सेटिंग तज्ज्ञांपेक्षा कमी पडलं नाही. सरस ठरलं असं नव्हे, कमी पडलं नाही. माझ्या मते याचा अर्थ एवढाच घ्यावा, की जिथे तासन्‌तास देणारा तज्ज्ञ जवळ नाही, तिथे सुरुवात कुठून करायची याचा चांगला सल्ला काही मिनिटांत मिळू शकतो.

याच गणिताचा आणखी एक उपयोग सांगण्यासारखा आहे. ग्रिल यांच्या गटाने मेंदूतल्या हालचालींशी जोडलेल्या जाळ्याची प्रतिकृती संगणकात केली आणि स्पंदांचे वेगवेगळे क्रम तिच्यावर आजमावत, चांगले ठेवत, वाईट टाकत, पिढ्यांमागून पिढ्या नवे क्रम घडवले. सेकंदाला सरासरी केवळ ४५ स्पंदांचा एक अनियमित क्रम त्यातून निघाला आणि तो रुग्णांतही नेहमीच्या वेगवान स्पंदांइतका परिणामकारक ठरल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. स्पंद कमी म्हणजे बॅटरी जास्त टिकणार. अजून हे रोजच्या वापरात आलेलं नाही, तेव्हा डॉक्टरांकडे हट्ट धरू नका.

प्रतिकृती कुठे फसते

रंगीत चित्र पाहून भुरळ पडते. पण त्या आकाराच्या कडा जितक्या रेखीव दिसतात, तितक्या खात्रीच्या नसतात. ऑपरेशनच्या वेळी कवटीत थोडी हवा शिरते, मेंदू किंचित खाली बसतो. त्याच दिवशी काढलेल्या सीटीत इलेक्ट्रोड वाकलेला दिसू शकतो आणि हवा शोषली गेल्यावर तो वेगळ्या ठिकाणी दिसतो. दोन चित्रं जुळवताना एक-दीड मिलिमीटरची चूक झाली, तर ज्या जागेत सगळा खेळच काही मिलिमीटरचा आहे तिथे निष्कर्षच उलटा होऊ शकतो. आवरण प्रत्येकात वेगळं असतं. सरासरी मेंदूच्या नकाशावर तुमचा मेंदू बसवताना ओढाताण होते. आणि मुख्य म्हणजे, प्रतिकृतीला तुमचा आवाज ऐकू येत नाही. कोणत्या करंटला नातवाशी बोलताना शब्द गिळले जातात, हे तुम्हीच सांगायचं असतं. म्हणून ‘संगणकाने सांगितलं आहे, हेच ठेवा’ असं कोणी म्हटलं तर ते मान्य करू नका, आणि ‘आम्हाला अनुभव आहे, चित्रं लागत नाहीत’ असं म्हटलं तर तेही.

घरच्यांनी करायच्या गोष्टी

ऑपरेशनआधी विचारून घ्या, की इलेक्ट्रोड कड्यांचा आहे की पाकळ्यांचा आणि यंत्र मेंदूतले संकेत नोंदवू शकतं का. महागडा पर्याय घ्यावा असं मी म्हणत नाही. पाकळ्यांचा इलेक्ट्रोड घेऊन सगळ्या पाकळ्या एकत्र चालू ठेवणार असतील, तर त्यासाठी जादा पैसे का मोजायचे? पण मेंदूतल्या केंद्रात इलेक्ट्रोडची जागा दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात का, प्रोग्रामिंग न्यूरॉलॉजिस्ट स्वतः करतात की कंपनीचा माणूस, पहिल्या सहा महिन्यांत किती खेपा होतील आणि त्यांचे पैसे वेगळे का, हे अवश्य विचारा. एमआरआयच्या वेळी पेशंट हलला असेल तर तो परत करायला लावा. कंपवातात हे होतंच आणि धूसर एमआरआयवर उभी केलेली प्रतिकृतीही धूसरच राहते.

ऑपरेशननंतरचा सीटी पातळ कापांचा, साधारण एक मिलिमीटरचा असावा. काही आठवड्यांनी, हवा शोषली गेल्यावर, पुन्हा काढायचा का हेही विचारा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही चित्रांच्या मूळ डायकॉम फाइली पेनड्राइव्हवर मागून घ्या. फिल्म किंवा छापील अहवालावरून प्रतिकृती करता येत नाही. पाच वर्षांनी गाव बदललं, मुलगा अमेरिकेहून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला निघाला, तर या फाइलीच कामाला येतील. त्याबरोबर प्रत्येक खेपेला सेटिंगचा कागद घ्या. कोणता बिंदू, किती करंट, किती मायक्रोसेकंद, किती हर्ट्झ. दोन वर्षांपूर्वी काय चाललं होतं हे आठवणीवर सोडू नका.

पहिलं प्रोग्रामिंग सहसा काही आठवड्यांनी होतं, कारण नुसता इलेक्ट्रोड घातल्यानेच काही दिवस बरं वाटतं आणि तो असर ओसरावा लागतो. त्या दिवशी गोळ्या बंद ठेवून यायचं का, हे डॉक्टर सांगतील तसंच करा. लेव्होडोपा मनाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे. बरोबर जाणाऱ्या माणसाने डायरी न्यावी. गोळीची वेळ, ऑनचे तास, ऑफचे तास, वळवळ, झोप, बोलणं, मूड. आणि मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालतानाचा, दर आठवड्याला त्याच जागेवर. वाचायला एकच परिच्छेद ठरवून त्याचं रेकॉर्डिंगही करा. प्रतिकृतीला जे दिसत नाही ते इथे दिसतं.

यंत्र संकेत नोंदवणारं असेल तर एक जादा गोष्ट मिळते. कंपवातात सबथॅलॅमिक न्यूक्लिअसमध्ये १३ ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या बीटा लहरी वाढलेल्या असतात, गोळीने आणि उत्तेजनाने त्या घटतात. घरीच या लहरी नोंदवणारं यंत्र अमेरिकेत २०२०पासून वापरात आहे, आणि लहरींनुसार करंट आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीला २०२५ साली युरोपात आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तरीही इलेक्ट्रोड चुकीच्या जागी असेल तर स्वयंचलित यंत्रही चुकीच्याच जागी करंट सोडणार.

हे सगळं एकट्याने पेलायचं नसेल, तर पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्याकडे जा. डीबीएस झालेल्या कुटुंबांशी बोलल्यावर काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

आणि शेवटी, ‘आमचं डीबीएस फसलं’ असं म्हणून बसलेल्यांसाठी. हा निष्कर्ष काढण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या. तारांचा विद्युतरोध, सीटीवरून इलेक्ट्रोडची खरी जागा, आणि नव्याने, पहिल्यापासून केलेलं प्रोग्रामिंग. अमेरिकेतल्या दोन केंद्रांनी २००५ साली अशा ‘फसलेल्या’ ४१ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्यांचा इलेक्ट्रोड भलत्या जागी होता. तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांमध्ये सेटिंगच नीट झालेलं नव्हतं, ते नव्याने केल्यावर फरक पडला. पुन्हा काम केल्यावर त्या ४१ पैकी निम्म्या जणांना अखेर चांगला फायदा झाला.